एअर रायफलीचे साइट ब्लॉक: घरच्या कारखान्यातल्या नोंदी

११ मे २०२५, रविवार

गेल्या ऑगस्टात पॅरिसला स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक घेतलं आणि त्याच आठवड्यात माझ्या भाचीने रेंजवर नाव घातलं. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा, हिचा १० मीटर एअर रायफलचा. बहिणीने एक जुनी मॅच रायफल घेऊन दिली. रायफल चांगली आहे, पण भाचीची मान लांब. साइटमधून (नेम धरायच्या भोकातून) पाहायला तिला डोकं पुढे वाकवून खाली न्यावं लागतं. साठ गोळ्यांचा सामना ७५ मिनिटांचा असतो. चाळिसाव्या गोळीला मान भरून येते आणि डोळा भुवईखालून पाहायला लागतो.

तिच्या प्रशिक्षक सरांनी उपाय सांगितला: पुढच्या आणि मागच्या दोन्ही साइट १० मिमी उचला. त्यासाठी ब्लॉक मिळतात, पण आयात केलेल्या जोडीची किंमत साडेआठ हजार सांगितली आणि थांबायचं दोन महिने. माझ्याकडे गोव्यात डिचोलीला घरामागच्या जुन्या गोठ्यात लहान लेथ आणि टेबलावरचं मिलिंग मशीन आहे. नोकरी मेंटेनन्सची, हात सरावलेला. म्हटलं, करून देतो. जे कुणी असं काम करू पाहतील त्यांच्यासाठी तारखेवार लिहून ठेवतोय.

हात कुठे लावायचा नाही ते आधी ठरवलं. बॅरल, व्हॉल्व्ह, ट्रिगर आणि हवेचा सिलिंडर यांना स्पर्श नाही. सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो, तो घरच्या कारखान्याचा विषय नव्हे. ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्यातून सुटते म्हणून तिच्या आत काहीही करायची मोकळीक मिळत नाही. मी फक्त बाहेर बसणारे, डोळ्याच्या आणि गालाच्या सोयीचे भाग करणार. सरांना हे सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

१८ मे, रविवार

माल आणला. २५ × १६ मिमीची, ६०८२ जातीच्या ॲल्युमिनियमची पट्टी, अर्धा मीटर, ४६० रुपये. लोखंड घेतलं नाही कारण रायफलीला साडेपाच किलोची मर्यादा आहे. ॲल्युमिनियमचे दोन्ही ब्लॉक मिळून ७० ग्रॅमच्या आसपास बसतील, लोखंडाचे तिप्पट.

रायफलीच्या वरच्या रेलची (साइट जिच्यावर बसते तिची) रुंदी व्हर्निअरने ११ मिमी आली. सगळीकडे ११ चाच डोव्हटेल (वर रुंद, खाली अरुंद अशी उतरत्या बाजूंची रेल) म्हणतात. ओळखीच्या टूलवाल्याकडे ६० अंशांचा डोव्हटेल कटर होता, १,४५० रुपये. घेऊन टाकला.

२५ मे, रविवार

पाऊस आलाच. यंदा मे महिन्यातच. गोठ्याची दोन कौलं सरकलेली, मशीनवर ताडपत्री टाकून काम.

रचना अशी: ब्लॉकच्या तळाला खाच, तिची एक बाजू ब्लॉकमध्येच कापलेली, दुसरी बाजू म्हणजे सुटा जबडा, तो दोन बोल्टने आवळायचा. ब्लॉकच्या माथ्यावर रायफलीच्या रेलसारखीच रेल, तिच्यावर साइट बसणार.

१२० मिमीचा एकच तुकडा घेतला. तळ आणि माथा सलग कापायचा, शेवटी करवतीने मधोमध दोन भाग करायचे. दोन ब्लॉक वेगवेगळे केले तर उंची जुळवताना जीव जातो. एकाच तुकड्यातून निघाले की आपोआप सारखे.

आधी ६ मिमीच्या एंड मिलने (सपाट तोंडाच्या कटरने) खाच रिकामी केली, मग डोव्हटेल कटर घातला. पहिल्या दोन कटमध्येच दातांना ॲल्युमिनियम चिकटलं आणि खाचेची भिंत खरवडल्यासारखी झाली. कटर काढून दात पितळी पट्टीने साफ केले, ब्रशने रॉकेल लावत पुढचा कट घेतला. चिप (कापलेला चुरा) सुटी पडायला लागली आणि भिंत गुळगुळीत आली. ॲल्युमिनियमला रॉकेलच. मशीनचं तेल लावून पाहिलं होतं, चिकटा होतो.

१ जून, रविवार

जोडी फुकट गेली. कारण लिहितो, कारण हीच चूक सगळ्यात महाग पडली.

ब्लॉक रेलवर चढवला, जबडा आवळला, बोटाने हलवून पाहिला. डुलतोय. अजून आवळला, तरी डुलतोय. काढून पाहिलं तर रेलच्या काळ्या रंगावर दोन्ही बाजूंना केसासारखी चकचकीत रेघ. म्हणजे ब्लॉक रेलच्या उतारावर टेकतच नव्हता, फक्त काठावर चावत होता. ११ मिमी ही रुंदी झाली. उताराचा कोन मी मोजलाच नव्हता. हातात ६० चा कटर आला म्हणून रेलही ६० चीच धरून चाललो.

रेघ भाचीला दाखवली आणि माझ्या हातून झालं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मामा, नेम तर तिथून धरत नाहीत ना?" नाही धरत. पण दुसऱ्याच्या वस्तूवर डाग पडला तो पडलाच.

कोन काढायची पद्धत: रेलच्या शेवटच्या इंचभर भागाला ग्रीसचा पातळ हात फिरवला, त्यावर एम-सील मळून दाबलं, दोन तासांनी सरकवून काढलं. साच्याचा छेद करवतीने सपाट कापला, वरून सरळ फोटो काढून मोठा केला आणि कागदावर कोनमापक लावला. दोन्ही बाजू ४५ अंश. साठ रुपयांचं एम-सील आधी आणलं असतं तर कटरचे १,४५० वाचले असते.

७ जून, शनिवार

४५ चा कटर इथे मिळाला नाही. म्हापशाला विचारलं, फोंड्याला विचारलं. शेवटी चोर्ला घाटाने बेळगाव. मशीन शॉपचं गाव, तिथे दुसऱ्याच दुकानात मिळाला. १,७०० रुपये, पेट्रोल ९००. घाटात धुकं इतकं की परतीला तीन तास. M5 चा टॅप सेट (५ मिमी बोल्टसाठी भोकात आटे पाडायचा) तेव्हाच घ्यायला हवा होता. M4 चा होता म्हणून घेतला नाही. हे पुढे नडणार आहे.

१४ जून, शनिवार

आता रायफल कारखान्यात आणायचीच नाही असं ठरवलं. चिपांचा चुरा बारीक असतो, तो कुठे शिरेल सांगता येत नाही. त्याऐवजी पट्टीच्या उरलेल्या तुकड्यातून नकली रेल केली, हुबेहूब रायफलीच्या मापाची.

माप जुळवायला दोन्ही उतारांच्या कोपऱ्यात गोल पिना ठेवून वरून मायक्रोमीटर लावतात. मी ३ मिमी ड्रिलच्या दांड्या ठेवल्या आणि दर वेळी वेगळा आकडा येऊ लागला. अर्धा तास मायक्रोमीटरवर संशय घेतला. मग भिंग लावून पाहिलं. रेलची खोली १.८ मिमी आणि ४५ अंशांच्या कोपऱ्यात ३ मिमीची पिन उताराला २.५ मिमी उंचीवर टेकायला जाते. तिथे उतारच नाही, वरचा काठ आहे. पिन काठावर गडगडत होती. १.५ मिमीच्या दांड्या घेतल्या. अरुंद भाग ७.४ धरून हिशेबाने १२.५२ यायला हवं. रायफलीवर १२.५१ आलं, नकली रेलवर १२.५३. पुरे.

१६ जून, सोमवार

रात्री गडगडाट, सकाळी मिलिंग मशीन बंद. स्पीडचा कंट्रोल बोर्ड जळला. प्लग काढून ठेवायचा राहिला होता. गोव्यात पावसात मशीन असलेल्या माणसाने हे विसरायचं नसतं, आणि मी विसरलो. बोर्ड ३,९०० रुपये, यायला २३ दिवस.

२२ जून, रविवार

मशीन बंद, म्हणून लेथचं काम हातात घेतलं. साइट १० मिमी वर गेली की गालाची पट्टीही तेवढीच वर हवी, नाहीतर गाल हवेत राहील. हे सरांनी विचारलं तेव्हा लक्षात आलं. पट्टीचे दोन खांब १० मिमी जाडीचे, आणि ते आधीच शेवटच्या टप्प्यावर. म्हणजे लांब खांब हवेत.

रेलिंगवाल्याकडून स्टेनलेसची १२ ची कांडी आणली आणि १० वर आणायला घेतली. हलका हलका कट घेत गेलो तीच चूक. स्टेनलेसला टूल नुसतं घासलं की वरचा थर कडक होतो, मग टूल कापत नाही, आणखी घासतं. दोन टूलांची धार गेली आणि कांडीवर आरशासारखे पट्टे उमटले. नेट धरून एकदम अर्ध्या मिमीचा कट, फीड न थांबवता, तेव्हा कापलं. पण माझ्या लहान लेथवर कांडी मधोमध फुगीर निघाली. टाकून दिली.

उपाय घरातच सापडला. मोडीत काढलेल्या झेरॉक्स मशीनचा शाफ्ट, नेमका १० मिमी, ग्राइंड केलेला, खांबाच्या भोकात लोण्यासारखा सरकला. हॅकसॉने कापला जात नाही, वरून कडक असतो. ग्राइंडरच्या पातळ चकतीने कापला, टोकं गोल केली. खर्च शून्य. असे शाफ्ट भंगारात दिसले की उचलून ठेवावेत.

१३ जुलै, रविवार

बोर्ड बसला. नवीन तुकड्यावर तळाची खाच ४५ च्या कटरने केली, नकली रेलवर चढवून पाहिली, अजिबात डुलत नाही. मार्किंगची निळी शाई लावून सरकवलं तर उताराभर सलग निळं उमटलं. हे पाहायला दीड महिना लागला.

तुकडा उलटा करून व्हाइसमध्ये पॅरललवर (सारख्या उंचीच्या दोन पट्ट्यांवर) ठेवला, माथा सपाट केला. रेल कापण्याआधी डायल (उंचीतला फरक दाखवणारं मापक) फिरवला. १२० मिमीमध्ये ०.१२ चा उतार! व्हाइस उघडला, एका पॅरललखाली चिपेचा कण, नखावर घेतला तर जेमतेम दिसेल एवढा. पुसलं होतं, पण कपड्याने. कपडा चिप ढकलतो, उचलत नाही. आता हाताच्या तळव्याने पुसतो, तळव्याला बारीक कणही टोचतो.

इथे एक सुधारणा सुचली आणि माझ्या मते या सगळ्या कामातली हीच धरून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. पॅरललवर ठेवण्याऐवजी नकली रेलच व्हाइसमध्ये बांधली, तिचा माथा डायलने शून्यावर आणला आणि तुकडा तिच्यावर जबड्याने आवळला, जसा तो रायफलीवर बसणार तसाच. मग माथा कापला. आता माथ्याचं माप पॅरललवर नाही, थेट रेलवर अवलंबून. उतार गेला. उंची मात्र १० ऐवजी ९.८ राहिली. दोन्ही ब्लॉक सारखे आहेत, मग ९.८ चालेल.

२० जुलै, रविवार

माथ्यावरची रेल कापली. १.५ च्या पिनांवर १२.५०. साइट घट्ट बसते. करवतीने दोन भाग केले, टोकं साफ केली. दोन्हींच्या उंचीत फरक ०.०१, म्हणजे माझ्या मायक्रोमीटरच्या भरवशाबाहेरचा.

उंची सारखी असण्याचं महत्त्व आकड्यात सांगतो. आमच्या रायफलीवर दोन साइटमधलं अंतर ७२० मिमी, टार्गेट १०,००० मिमीवर. एका ब्लॉकमध्ये ०.१ चा फरक पडला तर टार्गेटवर सुमारे १.४ मिमी सरकतं. दहाचा ठिपका अर्धा मिमीचा आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिमीवर. फरक साइटच्या स्क्रूने भरून काढता येतो, पण मग स्क्रूची निम्मी फिरत माझी चूक झाकण्यात जाते.

३ ऑगस्ट, रविवार

रेंजवर पहिल्यांदा चढवले. बॅरलमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण), सर शेजारी. भाचीने रायफल खांद्याला लावली आणि डोकं खाली गेलंच नाही. मान सरळ, डोळा साइटच्या मधोमध. बहीण मागे उभी होती, तिने माझ्या दंडाला नुसता हात लावला.

मग जबडा आवळताना मागच्या ब्लॉकचा एक बोल्ट फिरतच राहिला. आटे गेले.

घरी येऊन पाहिलं. भोक आरपार नाही, आणि मी फक्त पहिला निमुळता टॅप घातला होता. निमुळत्या टॅपने बंद भोकाच्या तळाशी आटे पुरे कापले जात नाहीत. धरायला तीनच पूर्ण आटे होते, तेही ॲल्युमिनियमचे. पोलादाच्या सवयीने काम केलं. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या दुप्पट तरी लांबीचे आटे हवेत.

१० ऑगस्ट, रविवार

M5 चा टॅप सेट आणला, ३८० रुपये. भोकं ४.२ च्या ड्रिलने १४ मिमी खोल, मग तिन्ही टॅप क्रमाने, प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला मागे घेत, भोकातली चिप फुंकून काढत. चारही भोकं बदलली, न गेलेलीसुद्धा. स्टेनलेसचे ॲलन बोल्ट १६० रुपये, आट्यांना ग्रीस लावून. इथल्या खाऱ्या दमट हवेत स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम कोरडे एकत्र ठेवले की पांढरी पूड धरते आणि वर्षभराने बोल्ट निघत नाही. भाचीला सांगितलंय, ॲलन कीची आखूड बाजू हातात धरून आवळायचं, लांब बाजू धरायची नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज माझा पुरता तास घाबरण्यात गेला. पहिल्या पाच गोळ्या सगळ्या खाली, एकमेकींना लागून, सातच्या आसपास. डावीकडे-उजवीकडे काही नाही, नुसत्या खाली. मी ब्लॉक काढले, उंची मोजली, परत चढवले. तेच.

सरांनी कागद मागितला आणि दोन समांतर रेघा काढल्या. एक बॅरलची, एक नजरेची. "तुम्ही नजरेची रेघ १० मिमी वर नेली. बॅरल आहे तिथेच आहे. मग गोळी १० मिमी खालीच लागणार ना?" ब्लॉक बरोबर होते. दोन्ही सारखे उचलल्यामुळेच फरक नेमका तेवढा पडला. 

मागची साइट साधारण ०.७ मिमी वर घेतली की भरून निघतं: ७२० भागिले १०,००० गुणिले ९.८. किती क्लिक (स्क्रूच्या पायऱ्या) ते आपापल्या साइटवर. ब्लॉक चढवण्याआधी एवढं मात्र पाहून घ्या की मागच्या साइटला वर जायला तेवढी जागा शिल्लक आहे. आमच्यात होती, पण ते मी तपासलं नव्हतं.

साइट वर घेतली. पुढच्या पाच दहाभोवती आल्या.

७ सप्टेंबर, रविवार

चवथ (गणेश चतुर्थी) २७ ऑगस्टला होती, त्याच्या आधीचा आठवडा माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळांच्या सजावटीच्या) आणि रंगकामाच्या धावपळीत, नंतरचा पाहुण्यांत. कारखाना बंद.

मध्यंतरी एक अडचण भाचीने सांगितली. रेंजच्या ट्यूबलाइटचा उजेड ब्लॉकच्या चकचकीत माथ्यावरून डोळ्यात येतो. तात्पुरतं काळ्या मार्करने रंगवलं, घामाने दोन दिवसांत गेलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका ठिकाणी काळं ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर विजेने चढवायचा कडक थर) करायला दिलं, ५०० रुपये. परत आले तेव्हा कडा बोथट झाल्या होत्या, बहुतेक कॉस्टिकच्या टाकीत जास्त वेळ राहिले. त्यात नकली रेलवर चढेनात. ॲनोडायझिंगचा थर थोडा बाहेरही वाढतो आणि मी फिटिंग तंतोतंत ठेवलं होतं. जबड्याच्या उतारावर बाराशे नंबरचा पेपर काचेवर ठेवून चारदा ओढला, बसले. पुढच्या वेळी जबड्यात दोन-तीन शतांश मिमी मोकळीक सोडून मगच पाठवीन. काळा रंग मात्र झकास, मॅट, उजेड येत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याला लेथ आणि मिलिंगला झेंडूचा हार घातला तेव्हा नकली रेलही शेजारी ठेवली.

खर्च एकत्र करतो. पट्टी ४६०, चुकीचा कटर १,४५०, बरोबर कटर १,७००, टॅप ३८०, बोल्ट १६०, कंट्रोल बोर्ड ३,९००, ॲनोडायझिंग ५००, एम-सील आणि निळी शाई २१०, बेळगावचं पेट्रोल ९००. एकूण ९,६६०. आयात जोडीपेक्षा जास्त. बोर्ड आणि चुकीचा कटर वगळला तर ४,३१०. पाच महिने लागले, त्यात प्रत्यक्ष मशीनवर पस्तीस-चाळीस तास असतील. सामना तोंडावर असेल तर विकत घ्या. हातात वेळ आणि मशीन असेल तर करा, आपल्या माणसाच्या मानेच्या मापाने ०.२ मिमी इकडेतिकडे करता येतं, ते विकतच्यात मिळत नाही.

कालच्या सरावात भाचीने साठच्या साठ गोळ्या मारल्या. शेवटच्या दहांत मान दुखली का, विचारलं. नाही म्हणाली, पण गालाची पट्टी हनुवटीकडे जरा टोचते. एम-सीलचा साचा तिच्या गालावर नाही घेता येणार. मातीचा घेऊन पाहतो, चिकण माती चवथीच्या मूर्तिकाराकडे उरलेली आहे.